माडीवरचं मशीन दिसत नाही

माझ्या भावाच्या खोलीत जायला मला बंदी होती. बंदी डॉक्टरांची होती आणि ती बरोबरच होती. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता, औषधांनी पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या, आणि मी झरीजवळच्या एका शाळेत संगणक शिकवते. वर्गात चाळीस मुलं, त्यांतली दहा तरी कायम नाक ओढत असतात. मला स्वतःला सर्दी होत नाही, पण मी ती अंगावर घेऊन फिरते, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यामुळे दर रविवारी सकाळी तलासरीहून डहाणूची बस धरायची, तिथून रिक्षाने धाकटी डहाणूला माहेरी पोचायचं, आणि जिन्याच्या खालच्या पायरीशी थांबायचं. माडीवर तो, खाली मी, मधे चौदा पायऱ्या.

एवढा प्रवास करून भावाचा पाय तेवढा दिसायचा. खाटेवरून खाली सोडलेला, मोजा घातलेला.

व्हिडिओ कॉल तो घेत नसे. केस गेलेलं डोकं त्याला कोणाला दाखवायचं नव्हतं. साधा फोन लावला तर "कसा आहेस?" "बरा." "जेवलास?" "जेवलो." संपलं. औषधांनी तोंड आलं होतं, बोलताना दुखायचं, हे खरं. पण तोंड धड असतं तरी तो यापेक्षा फार बोलला असता असं नाही. दादा तांडेल होता.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. कुठल्या अंगाला जायचं, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर चालतं. पण तो शब्द होडीबाहेर जात नाही. आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत, आणि मासळी कुठे लागली हे तर तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही. वायरलेसवर दुसऱ्या होडीवाल्याने विचारलं, "काय लागतंय का रे?" तर जाळं फाटायची वेळ आलेली असली तरी उत्तर ठरलेलं: "काय नाय. नुसतं पाणी." दादाच्या जीपीएसमध्ये त्याच्या जागा साठवलेल्या होत्या, पण त्यांना दिलेली नावं सगळी खोटी. धक्क्याला लागायच्या आधी तो यंत्र बंद करून वर पंचा टाकायचा. याला आमच्यात कोणी लबाडी म्हणत नाही, ही रीत आहे. ती त्याच्यात इतकी मुरली होती की वहिनीने "कालवण कसं झालंय?" विचारलं तरी तो आधी इकडेतिकडे बघून मग उत्तर द्यायचा.

आजारही त्याने असाच लपवला. पायावर निळे डाग उठले तेव्हा "दोर लागला" म्हणाला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा "काटा लागला" म्हणाला. होडीवर उभ्या उभ्या कोसळला तेव्हा खलाशांनी त्याला घरी आणलं, आणि मग पुढचं सगळं कळलं. मी त्याच्यावर इतकी चिडले होते की पहिला आठवडाभर मला नीट रडूसुद्धा आलं नाही.

डॉक्टरांनी घरी सोडताना नियम दिले. शिळं खायचं नाही. कोणी भेटायचं नाही. वर जाईल ती फक्त वहिनी, आंघोळ करून, तोंडाला मास्क लावून. वहिनी बाजारात मासळी घेऊन बसायची, ते तिने बंद केलं. आणि सगळ्यांत मोठा नियम तापाचा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, शंभराच्या वर एकदा जरी गेला तरी गोळी देऊन वाट बघायची नाही, तासाच्या आत गाडीत घालून घेऊन यायचं. डॉक्टरांनी हे तीनदा सांगितलं. "या माणसाला तापाने मारलं तर एका दिवसात मारेल," असं स्पष्ट सांगितलं. म्हणून वहिनीने एक वही केली. काचेचा थर्मामीटर फुटेल म्हणून बॅटरीवरचा आणला. दादा काखेत धरायचा, वाजला की आकडा सांगायचा, आणि वहिनी जिन्यात उभी राहून वहीत लिहायची. आकडा तो सांगायचा आणि लिहायची ती, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

आता खेळाचं.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतला संगणकावरचा एक जुना खेळ आहे. नकाशावर दोन गावं, मधे समुद्र. लाकूड तोडायचं, घरं बांधायची, होड्या करायच्या, मासे धरायचे, मग एकमेकांवर चाल करून जायचं. मी खेळायचे तेव्हा दादा मागे उभा राहून दोष काढायचा. "या होडीला नांगर कुठाय?" "भरती-ओहोटी नाय काय यांच्या समुद्राला?" "दोन मिनिटांत होडी भरली? असा समुद्र मला पण दे गो बाय." तोच खेळ दोघांना दोन मशीनवर खेळता येतो. घरातल्या घरात, एकाच राउटरला जोडलेल्या. माझं जुनं मशीन पुसून-धुऊन वर पाठवायचं, खाली ओसरीवर मी माझा लॅपटॉप घेऊन बसायचं, आणि रविवारची दुपार भावासोबत घालवायची. बोलायची गरज नाही, तोंड दुखायची भानगड नाही. ही युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःचाच फार अभिमान वाटला होता. दादालाही आवडली. "चल," म्हणाला. एवढंच म्हणाला, पण लगेच म्हणाला.

पहिल्या रविवारी माझ्या यादीत काहीच आलं नाही. एकाने खेळ उघडून ठेवायचा आणि दुसऱ्याच्या पडद्यावर त्याचं नाव यायला हवं, अशी ती पद्धत. मी खाली बसून रिकामी यादी बघत राहिले. तासाभराने उलगडा झाला की वरचं मशीन वहिनीच्या मोबाईलच्या नेटवर जोडलेलं आहे आणि माझं घरच्या राउटरवर. एका घरात राहून दोघं दोन गावांत. "तुला राउटरचं नाव सांगितलं होतं ना?" मी जिन्यातून ओरडले. फोनवर त्याचा मेसेज आला: "रेंज येत नाय वर." खरं होतं. राउटर ओसरीवर देवांच्या फळीशेजारी, आणि मधे आमच्या वडिलांनी घातलेली दोन फुटी भिंत.

दुसऱ्या रविवारी मी शाळेतून लांब वायर नेली. वहिनीने माडीच्या खिडकीतून दोरी सोडली, मी खाली वायर बांधली, आणि पाटी ओढावी तशी तिने ती वर ओढून घेतली. अंगणात बांबूच्या मांडवावर शेजाऱ्यांचे बोंबील वाळत होते, वायर त्यांच्यावरून गेली. दादाने मशीनच्या मागे ती खोचली. राउटरवर हिरवा दिवा लुकलुकला. मी फोनवर विचारलं, "काही विचारतंय का मशीन? काही आलं का पडद्यावर?"

"काय नाय," दादा म्हणाला.

यादी रिकामीच. मग लक्षात आलं की त्याच्याकडे खेळाची जुनी आवृत्ती आहे. पेन ड्राइव्ह सॅनिटायझरने पुसून डब्यात घालून वर पाठवली. तो शिकत होता हळूहळू, पण त्याला माझ्यासारखं चटचट जमत नव्हतं, आणि माझा राग नाकावर. "उजवीकडचं बटण. उजवीकडचं, दादा! होडीच्या भाषेत स्टारबोर्ड म्हणू का?" संध्याकाळची बस चुकेल म्हणून मी निघाले तेव्हा तो खिडकीत आला होता. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, त्यामुळे डोळे तेवढे दिसले. हात वर करून त्याने बोटं फिरवली, म्हणजे आज नुसतं पाणी.

तिसरा रविवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी फार वाईट वागले. दोन्ही मशीनचे नेटवर्कवरचे नंबर जुळवले. पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा, जसे हवेत तसे. मग एका मशीनने दुसऱ्याला चार वेळा हाक मारून बघायची असते. उत्तर आलं तर वाट मोकळी. त्याने मला हाक मारली, चारही वेळा उत्तर मिळालं. मी त्याला मारली, एकदाही नाही. म्हणजे त्याला मी दिसत होते आणि मला तो दिसत नव्हता. हे लक्षण बघून माझ्या वर्गातल्या पोरीनेसुद्धा रोग सांगितला असता. पण मी स्वतःला मोठी मास्तरीण समजते ना. मी वायर बदलली, तिची टोकं कापून नवीन बसवली, राउटर तीनदा बंद-चालू केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"फायरवॉल बंद केलास?" मी विचारलं. फायरवॉल म्हणजे परक्या मशीनला दारातच अडवणारा राखणदार, घरच्या नेटवर्कसाठी एक आणि बाहेरच्यासाठी दुसरा.

"केला."

"घरच्या नेटवर्कचा?"

"हो गो, तूच सांगितलंस तो."

दुरून त्याचं मशीन माझ्या हातात घ्यायची सोय असते. ती टाक म्हटलं, तर म्हणाला, "माझ्या होडीवर दुसऱ्याचा हात नाय चालणार." त्यावर मी भडकले. त्याला म्हटलं, अर्धा रविवार बसमध्ये जातो माझा, आणि उरलेला तुझ्या हट्टात. आजारी माणसाला असं बोलू नये हे मला कळत होतं. मग मेसेज आला: "पुढच्या रविवारी ये. मिळेल."

चौथ्या रविवारी मी बसमध्ये ठरवूनच आले होते की आज मशीनला नाही, माणसाला विचारायचं. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि फोन लावला.

"दादा, त्या दिवशी वायर खोचलीस, तेव्हा मशीनने काहीतरी विचारलं असणार. प्रत्येक मशीन विचारतं. खरं सांग."

"विचारलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"इंग्रजी होतं. मोबाईल धरून मराठीत वाचलं. बाकीच्या मशीनना तुमचं मशीन सापडू द्यायचं का, असं."

"मग?"

"नाय म्हटलं."

"का रे, का?"

"का म्हणजे?" त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "कोण तांडेल हो म्हणेल गो बाय?"

मी त्या पायरीवर बसून इतकी हसले की वहिनी मागच्या दारातून धावत आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. समुद्र सुटला, होडी दुसऱ्याच्या हातात गेली, अंगात उभं राहायचं बळ नाही, आणि माडीवर एकट्या बसलेल्या या माणसाने माझ्या जुन्या मशीनवरही पंचा टाकून ठेवला होता. मी घरचा फायरवॉल बंद करायला सांगितला, त्याने तो इमानाने केला. पण 'नाही' म्हटल्यापासून ते मशीन स्वतःला घरात समजतच नव्हतं. ते परक्यांत बसल्यासारखं दार लावून बसलं होतं.

"आता हो म्हण," मी सांगितलं, आणि कुठे जाऊन म्हणायचं तेही सांगितलं.

"सगळ्यांना दिसेल?"

"सगळे म्हणजे कोण? मी एकटीच आहे खाली."

एका मिनिटाने माझ्या यादीत नाव आलं. त्याने खेळात स्वतःला घेतलेलं नाव होतं 'काय नाय'. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पण तेच. मला त्या क्षणी जो आनंद झाला त्याला कशाचीच तोड नव्हती. चौदा पायऱ्या चढून त्याच्या खाटेवर जाऊन बसल्यासारखं वाटलं.

आम्ही दोन तास खेळलो. त्याला लढाईत रस नव्हता. त्याने एकामागून एक मासेमारीच्या होड्या काढल्या आणि नकाशाच्या कुठल्याशा कोपऱ्यात नेऊन दडवल्या. मी माझी गलबतं घेऊन शोधत फिरले, सापडल्या नाहीत. खेळात खाली लिहायची सोय असते. मी लिहिलं, "कुठे आहेत तुझ्या होड्या?" त्याने लिहिलं, "कुठे विचारू नये." वरून हसू ऐकू आलं. खोकल्यात मिसळलेलं, पण हसू. वहिनी माझ्या मागे उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. कित्येक महिन्यांत ते तिने ऐकलं नव्हतं.

मग त्याने लिहिलं, "बस. दमलो." मी जिंकायच्या बेतात होते. अर्धा खेळ तसाच साठवून ठेवला, पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. निघताना खिडकीखाली उभी राहून मी ओरडले, "पळपुटा! पुढच्या रविवारी काही झालं तरी खेळ पुरा करायचा. मशीन चालू दिसलं नाही तर मी परत यायचीच नाही!"

हे मी चेष्टेत म्हटलं होतं. आमच्यात असंच बोलतात, त्यालाही ते चेष्टेतच कळलं असणार. तरी हे वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही आणि जाणारही नाही. त्याने खिडकीतून अंगठा दाखवला.

पाचव्या रविवारी मी ओसरीवर बसले तेव्हा 'काय नाय' यादीत आधीच हजर होता. मी येण्याआधीच मशीन लावून बसला होता. मी खूश झाले. वही फळीवर होती, सवयीने उघडून पाहिली: आठवडाभर अठ्ठ्याण्णवच्या आसपास, त्या सकाळीही. वहिनी म्हणाली, "खाल्लं नाय फारसं. पण काल म्हणाले, उद्या बाय येणार, मला त्रास देऊ नको." तिला वेगळं काही वाटलं नाही, मलाही नाही.

खेळ सुरू झाला, पण त्याच्यात मजा नव्हती. तो फार हळू खेळत होता. त्याची माणसं लाकूड तोडून रिकामी उभी राहायची, त्यांना कुठे जायचं ते तो सांगायचाच नाही. मी लिहिलं, "झोपलास का?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "नाय. खेळ." मी खेळले. माझी गलबतं त्याच्या किनाऱ्याला लागली, त्याची घरं जाळायला लागली, तरी तिकडून हालचाल नाही. शेवटी त्याच्या होड्या जिथल्या तिथे थांबल्या. एका होडीचं तोंड अर्धं वळलेलं, तशीच.

मला वाटलं, जोडणी तुटली.

हे जसं झालं तसं लिहिते. मला वाटलं की जोडणी तुटली. चार रविवार मी त्या जोडणीशी झगडले होते, त्यामुळे दुसरं काही माझ्या मनातच आलं नाही. मी राउटर पाहिला, दिवा हिरवा. अंगणात जाऊन वायर पाहिली, बोंबलांच्या मांडवाजवळ कुठे चेपली आहे का ते बोटांनी चाचपत खिडकीपर्यंत गेले. परत येऊन त्याच्या मशीनला हाक मारली. चारही वेळा उत्तर आलं, लगेच आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. यादीत 'काय नाय' दिसतच होतं. मग मला त्याचा राग आला. म्हटलं, मशीन धड आहे, वायर धड आहे, म्हणजे यानेच काहीतरी बटण दाबून ठेवलंय. फोन लावला, त्याने उचलला नाही. मी जिन्यातून हाक मारली, "दादा, कशाला हात लावू नकोस, जसं आहे तसं ठेव!" आणि माझ्या मशीनच्या सेटिंग उघडून बसले. वीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण बस गाठायची होती.

मग मी मागच्या दारी वहिनीला सांगितलं, "जरा वर जाऊन बघ ना, काय करून ठेवलंय त्याने."

ती हात धुऊन, मास्क लावून वर गेली. तिने माझं नाव घेऊन हाक मारली तशी हाक मी कधी ऐकली नव्हती. मी चौदा पायऱ्या चढले. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्या खोलीत पाय ठेवला, मास्क नाही, हात धुतलेले नाहीत. तो खुर्चीतच होता, मान एका बाजूला, उजवा हात माउसवर. डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाही. हाताला हात लावला तर चटका बसला. पडद्यावर माझी गलबतं त्याचं गाव जाळत होती.

गाडी मिळाली, चारोटीवरून हॉस्पिटलकडे हायवेला लागलो. वहिनीच्या मांडीवर डोकं, मी पुढे ड्रायव्हरजवळ. तो वाटेत एकदा काहीतरी बोलला. वहिनी वाकली, मला म्हणाली, "बाय आली का, विचारतायत." मी मागे वळून सांगितलं, आले, आहे मी. त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

संसर्ग रक्तात उतरला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ताप कधीपासून? वहिनीने वही पुढे केली. ते पानं उलटत राहिले, मग वही परत दिली. दादाने चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी पहाटे गेला.

तेराव्यानंतर माडी आवरायला मी आणि वहिनी वर गेलो. कीबोर्डच्या खाली तापाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, दोन रिकामी आणि एक अर्धं. होडीवरच्या औषधांचा त्याचा डबा खाटेखालीच होता, त्यातली असणार. घरात तर वहिनीने अशी गोळी ठेवलीच नव्हती. ती खाटेवर बसून त्या पाकिटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शुक्रवारी गोधडी मागितली होती. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, वारा सुटलाय."

"असेल जरा कणकण," मी म्हटलं. "तुला काय ठाऊक असणार?"

"थोडाच असेल ना गो? फार नसेल. मी दोन्ही वेळा मोजत होते. वहीत आहे."

"थोडाच असेल," मी म्हटलं.

मशीन मी तिथेच राहू दिलं. वायर मात्र काढली, वरून खाली सोडली आणि अंगणात गुंडाळली. वहिनीने थर्मामीटरची डबी माझ्या हातात दिली. "शाळेत ने. मुलांना लागतो तुमच्या. मला घरात नको." आणि मग, काटकसरी बाई ती, म्हणाली, "चालतोय का बघ आधी. बॅटरी उतरली असेल."

मी बटण दाबलं. बॅटरीवरचे हे थर्मामीटर चालू करताना एक गोष्ट करतात, आणि दादाला ती ठाऊक नसणार. ठाऊक असती तर त्याने त्याचीही काही तजवीज केली असती. आधी क्षणभर ते शेवटचा मोजलेला ताप दाखवतात, मग पुसून नवा मोजायला घेतात. शेवटचा ताप त्या रविवारी सकाळचा होता, मी बसमध्ये असतानाचा. वहीत वहिनीच्या अक्षरात त्या जागी अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन आहे. थर्मामीटरवर आलं, एकशे तीन पूर्णांक चार.

तो आकडा बघून जिन्यात उभ्या असलेल्या बायकोला त्याने अठ्ठ्याण्णव सांगितलं, आणि मग जाऊन मशीन चालू केलं, मला दिसावं म्हणून.

वहिनीला हे सांगायला मला पुढे वर्ष लागलं. त्या दिवशी ती हातात पाकिटं घेऊन माझ्याकडे बघत होती.

"काय दाखवतंय?" तिने विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं, आणि डबी बंद केली.